आत्याची गाठ

आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आधी नंबर तपासला. फोनवर सख्खा बाप बोलला तरी खात्री करून घ्यावी, ही तिचीच शिकवण. पलीकडे वहिनी होती, आत्याची सून. "खरं सांगता?" मी विचारलं. "भाऊजी, असं खोटं कोणी बोलते का?" ती म्हणाली आणि रडू लागली... तेव्हा कुठे मला पटलं. आतेभाऊ आधीच गेलेला, त्यामुळे अग्नी मीच दिला.

आत्या उमरेडच्या विणकराची लेक. वडिलांच्या मागावरचं उरलेलं पिवळं सूत तिनं महाल भागातल्या सासरच्या घरी जपून आणलं होतं. प्रत्येक डब्याच्या तोंडाला फडकं आणि त्यावर त्या सुताची गाठ. माग चालवताना तुटलेला धागा जोडतात ना, तशी बारीक, घट्ट. सोडली की पुन्हा तशी कुणाला जमायची नाही. पंचेचाळिशीत, मधुमेह असताना, मी एकदा एक लाडू काढून खाल्ला. दुसऱ्या दिवशी हजेरी : "काहून गा, डब्याले हात लावला?" "मी? नाही." "मंग ही गाठ काय उंदरानं मारली? उंदीरबी याहून बरी मारते."

दहाव्याच्या सकाळी, तिसऱ्या दिवशी वेचून स्मशानघाटावरच ठेवलेल्या अस्थी आणायला गेलो. फळीवर तीन मडकी, तिन्हींवर तेच लाल फडकं. खडूनं लिहिलेली नावं फरशी धुताना पाणी उडून पुसली गेलेली. तिथला माणूस मधल्या मडक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ये आपका." "कशावरून?" "साब, हमको मालूम है ना." झालं, माझा संशय पक्का झाला. आडोशाला जाऊन मी मडक्याचा पिवळा दोरा दातानं तोडला. पूजेचा असेल, असं वाटलं. आत डोकावलो. आत काय ओळखणार होतो, देव जाणे. फडक्याचीच टोकं पुन्हा बांधली. दोरा फेकायचा नाही, हीही आत्याचीच शिस्त, म्हणून तो खिशात टाकला. परक्याचं माणूस आपण सोडणार आणि आत्या त्या फळीवरच राहणार, या धाकातच मी वहिनीला घेऊन कन्हान नदी गाठली.

नदीवर मी पायरी उतरणार, तोच वहिनीनं अडवलं. "इथं नको. खाली बायका पाणी भरून राहिल्या. आईले चाललं नसतं." खरंच होतं, आत्या तीर्थसुद्धा गाळून घ्यायची. आम्ही बायकांच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला बरंच चालत गेलो. वहिनीनं पदराचं टोक सोडून वारा कुठला ते पाहिलं, मडकं हातात घेतलं आणि थांबली.

"भाऊजी, गाठ कोणी उघडली?"

मी सगळं कबूल केलं. ही आत्याच आहे की नाही, मला ठाऊक नाही, हेही.

"दोरा कुठं हाय?"

खिशातून काढून दिला. मी तोडला होता दुसरीकडे, गाठ शाबूत होती. तिनं ती बोटांत फिरवली. "तिसऱ्या दिवशी तुम्ही गाडी काढायले गेले, तवा आईच्या सुतानं मीच मारली. आईनं शिकवली होती. तिथल्या माणसावर भरोसा नव्हता." दोरा मला परत देत म्हणाली, "तुमच्यावरबी नव्हता."

मग गुडघाभर पाण्यात उभं राहून, मडकं पाण्याजवळ नेऊन, आम्ही आत्याला हळूहळू सोडलं. फक्त सुटी फुलं वाहिली. मडकं आणि फडकं परत आणलं.

तिचा लाडवांचा शेवटचा डबा अजून फळीवर आहे. परवा वहिनी म्हणाली, "उघडा आता, कोण विचारणार हाय?" मी डबा हलवून पाहिला. चारेक तरी असावेत... खिडकीशी नेऊन गाठ उजेडात धरली. आत्याचीच होती. डबा परत फळीवर ठेवला.