नत्थुजीनं ढेकूळ खाली ठेवलं

माह्या सासऱ्याले, नत्थुजीले, दोन गावांनी मिळून खोटारडा ठरवलं. त्या गावांचं एकमत झालं ते तेवढ्याच गोष्टीत.

आमचं बोरखेड, नाल्यापलीकडचं सावरगाव. ते माहं माहेर. मधात, नाला वळून जातो तिथं, पडीक पट्टा होता, दोन्ही गावची गुरं तिथं चरत. शीव नेमकी कुठून जाते, हे कोणी विचारत नव्हतं. मंग सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली, तिकडला कापूस अडला, आन अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. त्याच साली सावरगावचे नांगर पट्ट्यात शिरले. दुसऱ्या दिवशी आमचे. लोक म्हणतात, वैर होतं म्हणून भांडण झालं. डोंबलाचं वैर! आधी भाव आला, वैर मागून आलं.

बोलणी करायले आमच्याकडून भगवंतराव पाटील, तिकडून माहा बाप खुशालराव. तीन दिवस दोघं आपापल्या काठावर बसून राहिले. नाला ओलांडला तर कमीपणा येतो ना! शेवटी जुनी रीत काढली. म्हाताऱ्या, सच्च्या माणसानं उपाशीपोटी, डोक्यावर शेतातलं ढेकूळ घेऊन चालायचं. तो चालला ती शीव. नत्थुजी आधी दोनदा चालले होते. माह्या बापानंच त्यायचं नाव घेतलं. लेक दिलेलं घर, म्हणून भरवसा.

दोन्ही गावं पाहून राहिली होती. सासरा नाल्यापासून सरळ निघाला, आन अर्ध्यात थांबला. तिथून पुढं मोठ्या बाभळीचा नेम धरून चालायचं, हे त्याले ठाऊक. पण कापसाले गाड्या पुरत नव्हत्या, म्हणून ती बाभूळ त्याच हंगामात तोडून तिची चाकं केली होती. कोणत्या गावानं तोडली, तेही कोणी कबूल करत नव्हतं.

त्यानं ढेकूळ खाली ठेवलं. म्हणाला, "मले इथून पुढं आठवत नाई. खोटं नाई चालणार मी."

भगवंतराव म्हणाले, याले सावरगावनं फितवलं. माहा बाप म्हणाला, याले पाटलानं विकत घेतलं. पलीकडून गोटे आले. एक सासऱ्याच्या कपाळाले लागला. माह्या बापानं गोटा मारला नाई, पण कोणाचा हातही धरला नाई. वरून ओरडला, "नाल्यापलीकडं माही लेक नाई आजपासून." पाटलानंही सांगितलं, जो नाला ओलांडंल तो गावाबाहेर.

घरी मी सासऱ्याले तोंडावर बोलली, "दहा पावलं अंदाजानं टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

तो म्हणाला, "ज्याची दहा पावलं जमीन गेली असती, त्यानं उद्या दुसरा माणूस चालवला असता, पोरी."

असंल. पण मले माहेर राहिलं असतं. तो मरेपर्यंत मी त्याच्याशी धड बोलली नाई, आन आजही माहा राग गेला नाई.

मंग ती लढाई थांबली, भाव कोसळला. पट्टा पुन्हा पडीक पडला. दोन्ही गावची गुरं पुन्हा तिथं चरतात, कोणी हाकलत नाई.

मागच्या महिन्यात माही माय गेली. तिले नाल्याकाठीच जाळलं. मी अलीकडं उभी राहून धूर पाहिला. तेवढ्यात आमची गाय नाला उतरून पलीकडं गेली, माह्या बापाजवळ जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. माह्याकडं पाहिलं नाई.