मावशी पडद्यामागे बसते

सत्य दिसायला भरपूर उजेड लागतो. हे वाक्य आमच्या मंडळाच्या छापील कागदावर बोधचिन्हाखाली आहे. मंडळ देऊळगाव राजात आहे, जुन्या फिल्म आणि घरगुती प्रोजेक्टर जमवणाऱ्यांचं आहे, आणि त्यात आम्ही तीन माणसं आहोत. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सचिव ही तिन्ही पदं भरली. सभासद मात्र एकही नाही.

अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. सचिव तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. उपाध्यक्ष मी. मला काहीच काम नसतं, म्हणून हे मी लिहितो आहे.

इतर ठिकाणचे संग्राहक म्हणे दुर्मीळ फिल्मवर भांडतात. आमच्याकडे चढाओढ उजेडाची. अध्यक्षांनी आठ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरातला मूळ बल्ब काढून त्यात चौकातल्या उंच खांबावर असतो तसला एलईडी बसवला आणि तो गार राहावा म्हणून मागे कूलरचा पंखा लावला. उद्घाटनाला नारळ फोडला. दिवा लागताच आम्ही तिघांनी डोळ्यांवर हात धरले.

"पापड वाळू घाला समोर," सचिव म्हणाले.

"लोणारले आधी फोन करा," मी म्हणालो. "त्यांना वाटेल, दुसरी उल्का आली."

"जळता काऊन बे?" अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या मशीनवर हिरो आहे का हिरोईन, हे विचारावं लागते."

सचिवांना मात्र तो उजेड खरोखर हवा होता. त्यांची आई ते रांगत असताना गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. वडिलांच्या ट्रंकेत एक छोटं रीळ सापडलं. वडिलांच्या साहेबांनी लोणारच्या तळ्यावर हौसेने घेतलेलं. त्यात दोन बायका आहेत, दोघींच्या डोक्यावर पदर. एक बसून आहे, दुसरी तळ्यात खडे फेकते. चेहरे पुसट. एक आई आणि एक साहेबांची बायको, एवढं वडील सांगून गेले. कोणती कोण, हे विचारायचं राहून गेलं. सचिवांनी कित्येक वर्षं ते रीळ पाहून खडे फेकणारीला आई ठरवली होती. खात्री करून देणारी एकच व्यक्ती उरली होती: आईची धाकटी बहीण, उंद्रीची मावशी.

मावशी यायला तयार झाली, पण म्हणाली, मी पडद्यामागं बसन.

तिच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पुरुष पडद्याच्या पुढे बसायचे, बाया मागे. कापडातून आरपार येणारं चित्र मागून उलटं दिसतं, त्यामुळे त्या बायांनी पाहिलेले सगळे नायक डाव्या हाताने जेवत आणि डाव्या हाताने तलवार चालवत. सिनेमातल्या लोकांचं वळण वाईट, हे मावशीचं मत तेव्हापासूनचं. घरात टीव्ही आला तो ती समोरून पाहते, पण कापडावरचा सिनेमा म्हटला की मागूनच. पुढं माणसं बसतात, म्हणते.

आमचा पडदा म्हणजे दोरीला बांधलेलं पांढरं धोतर. म्हणजे उजेड त्या धोतराच्या आरपार जायला हवा होता. सचिवांच्या मशीनचा उजेड धोतरापर्यंत कसाबसा पोचे आणि तिथेच बसे. शेवटी अध्यक्षांचा प्रोजेक्टर सन्मानाने सचिवांच्या घराच्या गच्चीवर चढवला.

दिवेलागणीला सुरुवात झाली. अध्यक्षांनी आधी दोन शब्द बोलून घेतले. दिवा लागला आणि तालुक्यातले निम्मे किडे सभेला हजर झाले. कूलरच्या वाऱ्याने धोतर फुगलं. त्यावर लोणारचं तळं हेलकावे खाऊ लागलं, आणि साहेबांच्या बायकोच्या किंवा सचिवांच्या आईच्या खांद्यावरून एक नाकतोडा चालत गेला. सचिव मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते. ते कान देऊन उभे होते.

धोतरापलीकडून आवाज आला. "हे नाही."

"खडे फेकते ते?"

"हाव. माही बहीण डावरी होती. ही त उजव्या हातानं फेकून राह्यली."

"मग बसली ते?"

"ते जाडी? काहीच्या काही बोलू नको."

"मावशी, मग माही माय कुठी आहे याच्यात?"

"मले काय माईत, बाबू? मी काय तई लोणारले गेल्ती?"

सचिवांनी बटण बंद केलं. मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, उजेड थोडा कमी पडला. मलाही ते पटलं. आम्ही दोघं गच्चीवर उभे राहून त्याहून मोठा एलईडी जालन्यात मिळेल का, यावर गंभीरपणे बोलत राहिलो. तिघांचं मिळून अर्धं आयुष्य फिल्म उलटी-सुलटी लावण्यात गेलं आहे, पण मावशी कोणत्या बाजूला बसली होती, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

खाली आलो तर मावशी पलंगावर बसून बशीतून चहा पीत होती. सचिवांनी टेबलावरच्या आपल्या जुन्या मशीनला ते रीळ लावलं. इतकी वर्षं जिला आई समजलो, तिच्याकडे परकी म्हणून एकदा पाहून घेतो, म्हणाले. भिंतीवर कॅलेंडरएवढं फिकट चित्र आलं.

मावशीने बशी खाली ठेवली.

"हे पाय. हे तुही माय!"

सचिव वळले. "आत्ता त नाही म्हणे तू!"

"तवा ते उजवी होती," मावशी म्हणाली. "आता बरोबर फेकून राह्यली."

सचिवांनी रीळ पुन्हा लावलं. मग पुन्हा. चहा निवला तरी ते लावतच राहिले, आणि मावशी दर खड्याला "पाय, पाय" म्हणत राहिली.

तिला चालताना अडखळायला नको म्हणून खोलीतली ट्यूबलाइट आम्ही सुरूच ठेवली होती.