दिल्यानं रबर लावून ठेवलेली रॅमची जोडी

दिलीप परवा गेला, आणि तेव्हापासून फेसबुकवर नुसता खोटेपणा चालला आहे.

"हसतमुख व्यक्तिमत्त्व." "मनमिळाऊ स्वभाव." "सर्वांचा लाडका."

अरे, कोणाबद्दल लिहिताय?

हिंगणघाटला आमचं दोघांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आठ वर्षं. त्या आठ वर्षांत दिल्या गिऱ्हाइकासमोर एकदाही हसला नाही.

माउस बिघडला म्हणून कोणी आलं की सांगायचा, "माउस चांगला हाये. हात धुवून येजो."

खडूस होता. उद्धट होता. आणि मला तर सरळ मूर्ख समजायचा. चारचौघांत सांगायचाही.

त्याचं बरोबर होतं. वीस वर्षं एक चूक त्याच्या नावावर पडून आहे, ती आज माझ्या नावावर करायची आहे. म्हणून ही पोस्ट.

2004 च्या आसपासची गोष्ट. नवीन बोर्ड आले होते, त्यात रॅमच्या दोन पट्ट्या लावायच्या. दोन्ही सारख्या. एकाच कंपनीच्या, एकाच स्पीडच्या, जमलं तर एकाच लॉटच्या.

गावातले आम्ही बाकी सगळे दुकानदार म्हणायचो, खाचेत बसली ना? मग झालं.

दिल्या नागपूरहून पट्ट्या आणायचा, दिवसभर मशीनला लावून तपासायचा, जुळलेल्या दोघींना रबर लावायचा. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहून ड्रॉवरमध्ये ठेवायचा.

मी एकदा म्हटलं, "बैलजोडीच झाली म्हण ना."

"बैलाले काऊन बदनाम करून राह्यला बे? एक बैल थकला तं दुसरा ओढून घेते. इथं एक बिघडली तं दोघींचंही काम बिघडते."

त्या दिवाळीत ड्रॉवरमध्ये एकच जोडी होती. चिठ्ठीवर नाव होतं आत्राम सर, जाम.

सर तिकडे जाम गावच्या शाळेत शिकवायचे. घरची बोली गोंडी. त्यांची आई जुनी गाणी सांगायची आणि सर ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. तीनशेच्या वर गाणी झाली होती. वहीत काही नाही, सगळं त्या मशीनमध्ये.

मशीन स्लो झालं म्हणून सीपीयू चादरीत बांधून, एसटीत मांडीवर घेऊन आले होते.

दिल्या त्या दिवशी नागपूरला होता. आणि दुकानात आले एक कापसाच्या जिनिंगवाले शेठ. त्यांचा जावई दिवाळसणाला आला होता. जावयाचा गेम अडकत होता.

"जावई नाराज होऊन गेला नाई पाह्यजे," शेठ म्हणाले.

मी रबर काढलं.

एक पट्टी जावयाच्या गेमला दिली. दुसरी सरांच्या मशीनमध्ये लावली आणि तिच्या शेजारी कोपऱ्यात पडलेली कुठलीतरी जुनी. दोन पट्ट्या दिसायला पाहिजेत, दिसल्या. दिल्या परत यायच्या आत सर मशीन घेऊन गेलेही.

मशीन बंद पडलं असतं तर उपकार झाले असते. ते चालत राहिलं.

सर रोज फाइल उघडायचे, नवीन गाणं लिहायचे, सेव्ह करायचे. सेव्ह होणारं सगळं त्या बेजोड पट्ट्यांतूनच जायचं, आणि दर वेळी आत थोडं थोडं नासत होतं. फ्लॉपीवरची कॉपीही त्याच मशीनवरून घेतलेली. महिनाभरानं फाइल उघडली तर नुसते चौकोन.

सर पुन्हा चादर घेऊन आले. चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "कोणाच्या हातानं झालं जी हे?"

मी म्हटलं, "रॅमचं काम दिलीपच पाहते, सर."

इतकं सोपं होतं.

दिल्यानं कॅबिनेट उघडलेलं होतं. दोन वेगळ्या पट्ट्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

"हो सर. माह्याच हातून झालं."

सर बाहेर गेल्यावर मी विचारलं, "माह्यं नाव काऊन नाई घेतलं?"

"तुह्यं नाव घेऊन काय भेटते? तू जाशील का गाणे टाइप करून द्याले?"

त्यानंतर वर्षभर दर रविवारी दिल्या जामला गेला. सरांची आई खाटेवर बसून गाणी पुन्हा सांगायची, सर एकेक शब्द फोडून सांगायचे, दिल्या टाइप करायचा. गोंडीचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. चुकला की म्हातारी ओरडायची. आणि तो, दिल्या, गुपचूप खोडून पुन्हा लिहायचा.

निम्मी गाणी परत आली. बाकीची आईला आठवेनात. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

मी एकाही रविवारी गेलो नाही. दुकानात कोणीतरी पाहिजे ना, असं सांगायचो.

रविवारी आमचं दुकान बंद असायचं.

काल घाटावर आत्राम सर आले होते. आता काठी घेऊन चालतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक झाली होती त्याच्याकडून. पण कबूल करणारा माणूस होता जी."

मी मान हलवली.

चिता समोर जळत होती, आणि मी कालसुद्धा मानच हलवली. माझ्यासारख्या माणसाला तोंडानं बोलायचं जमत नाही, टाइप करायचं तेवढं जमतं.

तर सरांच्या मुलीला टॅग केलं आहे. ताई, एवढं सरांना वाचून दाखव.

सर, ती जोडी मी फोडली. एका जावयाच्या गेमसाठी. तुमच्या आईची गाणी माझ्यामुळे गेली. दिलीपकडून काही चुकलं नव्हतं.

आणि खाली कमेंटमध्ये कोणी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, तर त्याला ब्लॉक करीन.

दिल्या, भावपूर्ण वगैरे तुला सोसलं नसतं. नुसती श्रद्धांजली घे.

तू मला मूर्ख म्हणायचास. फारच कमी बोललास यार.