ॲटलास जेवतो कधी?

गाडी सुरू करण्याआधी व्हॅनवाले काका डावा हात वर करायचे, तळवा व्हॅनच्या टपाला आतून टेकवायचे आणि आरशातून मागे बघत म्हणायचे, "धरलंय. बसा निवांत." मग किल्ली फिरवायचे. पावसाळा असो, परीक्षा असो, उशीर झालेला असो, टप धरल्याशिवाय गाडी हलायची नाही.

ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली होती.

कडावहून कर्जतच्या इंग्लिश मीडियम शाळेत जाणारी आम्ही चौदा मुलं त्यांच्या व्हॅनमध्ये असायचो. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. मला गाडी लागायची, म्हणून पुढची सीट माझी. मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर पुस्तक, असा माझा रोजचा प्रवास. मी फारशी बोलत नसे. काकांना ते चालायचं. ते दोघांच्या वाटचं बोलायचे.

पाचवीत असताना इंग्रजीच्या पुस्तकातल्या एका चित्राकडे त्यांचं लक्ष गेलं. रेल्वे फाटक बंद होतं.

"हा कोण गं? एवढं वजन घेतलेला?"

"ॲटलास. ग्रीक लोकांच्या गोष्टीतला. त्यानं आकाश धरलंय."

"सगळं?"

"हो."

काका बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. फाटक उघडलं, मागच्या टेंपोनं हॉर्न मारला, तरी हलले नाहीत.

"आन जेवतो कधी?"

शाळेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून टपाला हात लागू लागला.

पुढे त्या नावानं त्यांना झपाटलंच. नकाशांच्या पुस्तकाचं नाव तेच आहे हे कळलं, तेव्हा त्यांनी आमच्यातल्या एका ताईकडून तिचं फाटकं पुस्तक मागून घेतलं आणि व्हॅनच्या समोरच्या काचेखाली ठेवलं. त्यात कर्जत नव्हतं. मुंबई आणि पुण्याच्या मध्ये त्यांनी निळ्या पेनानं एक ठिपका काढला. "आता हाय," म्हणाले. त्यांच्या गोऱ्ह्याचं नाव ॲटलास झालं. गोठ्याचं आढं ज्या सागाच्या खांबावर होतं, तो खांबही ॲटलास झाला. व्हॅनच्या मागच्या काचेवर लाल रंगात, वळणदार अक्षरांत तेच नाव आलं. काकी म्हणायच्या, "एक दिवस माझं पण नाव बदलतील."

एका पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर तळहाताहून मोठा पतंग बसलेला सापडला. विटकरी पंख, त्यांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखी नक्षी. सायन्सच्या मॅडमनी सांगितलं, हा ॲटलास मॉथ, माथेरानच्या डोंगराखाली दिसतो. मोठा झाल्यावर याला खाता येईल असं तोंडच नसतं. थोडे दिवस जगतो, उपाशीच. परत जाताना मी काकांना हे सांगितलं. मी आपणहून काही सांगावं, असं क्वचितच व्हायचं. त्यांनी स्टिअरिंगवर हात मारला.

"मी काय म्हणत हुतो? जेवायला सवडच नाय त्याला!"

मी नववीत असताना त्यांची मान आखडली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि काका तो पाकिटासकट व्हॅनमध्ये घेऊन आले. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांनी तो समोरच्या काचेला लावला. आम्ही सगळे पुढे वाकलो. उन्हात काकांची कवटी आणि मणके स्वच्छ दिसत होते.

"ह्यो बघा. सगळ्यात वरचा मणका, डोस्कं धरतो तो. डॉक्टर काय म्हणाला ह्याला? सांगा."

आम्हाला माहीत होतं, तरी कुणी सांगितलं नाही. त्यांनाच सांगू दिलं.

"ॲटलास! माझ्या मानंत बसलाय गं तो!"

एवढ्या आनंदानं स्वतःचा एक्स-रे दाखवणारं माणूस तुम्ही पाहिलं असेल, तर मला जरूर सांगा. त्यानंतर ते मानेला पट्टा बांधून गाडी चालवायचे. मागे वळता येत नसे, म्हणून आरसे दोन झाले.

मग शाळा संपली. मी खोपोलीकडच्या कॉलेजला जाऊ लागले. दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा काका घरी निरोप द्यायला आले. नातवाचं बारसं होतं. "तू यायलाच पायजेस. तुझं काम हाय."

काय काम, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पाळण्याभोवती बायकांची गर्दी होती. मी घुगऱ्यांची पत्रावळ घेऊन भिंतीशी उभी होते. बाळाची आत्या नाव ठेवायला वाकली, तेवढ्यात काका दारातून म्हणाले, "थांब. नाव मी आणलंय. ॲटलास."

मग विहीणबाई म्हणाल्या, "म्हंजी ते नकाशाचं पुस्तक? पोराला काय दप्तरात घालायचाय?"

"ऱ्हाऊ दे की," दुसरी कोणी म्हणाली, "पुढचा झाला की त्याचं नाव व्याकरण ठेवा."

सगळं घर हसलं. काकाही हसले. पण हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका. आभाळ धरणाऱ्याचं नाव हाय ते. मी अडाणी सांगत नाय. आपल्याकडं शिकलेलं माणूस हाय. बोल गं. सांग ह्यांना."

तीस-चाळीस माणसं माझ्याकडे वळली. पत्रावळ हातात वाकली. काका असे बघत होते, जणू फाटक बंद आहे आणि आम्हाला भरपूर वेळ आहे.

मी किती काही सांगू शकले असते. मला फक्त त्या नजरा माझ्यावरून हटायला हव्या होत्या. म्हणून मी सगळ्यात लहान, सगळ्यात खरं वाक्य बोलले.

"ती त्याला शिक्षा झाली होती. आकाश धरायची. कायमची."

"आगं बया!" विहीणबाईंनी पाळण्याची दोरी धरली. "शिक्षा? लेकराला?"

काका माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मग म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय. ती म्हणती तर ऱ्हाऊ दे."

आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि त्याचं नाव आरव ठेवलं. मी निघाले, तेव्हा काका अंगणाच्या फाटकापर्यंत आले. "घुगऱ्या घेतल्यास ना?" एवढंच विचारलं.

पुढच्या आठवड्यात रस्त्यात व्हॅन माझ्या पुढे गेली, तेव्हा मागची काच कोरी होती. ब्लेडनं खरवडलेली. त्यानंतर काका भेटायचे, "बरी हायस ना?" विचारायचे, मी "हो" म्हणायचे. ॲटलासचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

धड्याच्या शेवटी शिक्षेचं होतंच. पाचवीत मी काकांना तेवढं सांगितलं नव्हतं. का, ते आठवत नाही. बहुधा शाळा आली असेल.

गेल्या वर्षी काका गेले. मी तेव्हा खालापूरच्या एका ऑफिसात नोकरीला होते. मला कळलं उशिरा, मी भेटायला गेले त्याहून उशिरा. काकींनी चहा केला. मी बारशाच्या दिवसाची गोष्ट काढली. म्हटलं, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. त्यांना शिक्षेचं माहीत नव्हतं.

"म्हाईत नव्हतं?" काकी म्हणाल्या. "तू पाचवीत हुतीस तवाच तुमच्या शाळंच्या बाईंना गेटवर गाठून सगळी गोष्ट इचारलीती त्यांनी. घरी येऊन मला सांगितली. म्हणायचे, शिक्षा हाय खरी, पण खाली टाकलं नाय त्यानं. खाली पोरंबाळं हायत ना. म्हणून तर नाव आवडायचं."

"मग तेव्हा का नाही बोलले?"

"तुझ्या म्होरं? चार माणसांत?" काकी माझ्याकडे बघू लागल्या. "आपणच उभी केलेली पोरगी, तिला आपणच खोटी पाडायची?"

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "काकी, मला तेव्हा काहीच म्हणायचं नव्हतं. मला नुसतं घरी जायचं होतं."

"ते पण ठावं हुतं त्यांना. लोक गेल्यावर वसरीवर बसले. म्हणाले, पोरगी घाबरली गं. लहानपणापासनं बघतोय, तिला नाय जमत. मीच उगं उभी केली तिला सगळ्यांत. लई दिवस तेच बोलायचे. तुला इचारायचं हुतं त्यांना, रागावलीस का म्हणून."

काकी कप उचलून आत गेल्या. मी दाराशी चपला घालत होते. त्या बाहेर आल्या तेव्हा मला सांगायचं खूप होतं. मी "येते" म्हटलं.