दाराशी थांबलेले यून साहेब

पुण्यातल्या एका चित्रपट महोत्सवात ख्यातनाम कोरियन दिग्दर्शक यून ते-हान यांचा चित्रपट संपला, आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं सूत्रसंचालकांनी म्हणताच मी उभा राहिलो. प्रश्नाचं भाषण करायची माझी खोड जुन्नर-आंबेगावच्या सभांना ठाऊक आहे. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या प्रत्येक चित्रपटात माणसं आपलं गाव सोडून आलेली असतात. ते गाव एकदाही का दिसत नाही?" यून साहेबांनी चष्मा काढला आणि मोजक्या इंग्रजीत म्हणाले, "माझं गाव धरणाखाली आहे. तुमचं?"

"माझंही," मी म्हणालो. "पण तुम्ही कसं ओळखलंत?"

"हा प्रश्न दुसरं कोण विचारेल?"

ती आमची पहिली ओळख. आज यून साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांनी जिथे जिथे काम केलं तिथल्या माणसांना या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितलं आहे, म्हणून वारूळवाडीचा हा निवृत्त इंग्रजीचा मास्तर लिहायला बसला आहे.

यून साहेबांची कारकीर्द चित्रीकरणाच्या जागी विजेच्या वायरी ओढण्यापासून सुरू झाली. मिठागरात राबणाऱ्या बायकांवरचा त्यांचा पहिला चित्रपट तिथल्या सरकारने कापून निम्मा केला. यून साहेबांनी कापलेल्या प्रत्येक जागी नुसता काळा पडदा ठेवला आणि तो तसाच चित्रपट शाळांच्या हॉलमध्ये दाखवत ते हिंडले. पुढे जगभरची बक्षिसं आली. पण सत्तेने केलेली जखम झाकायची नाही, लोकांपुढे उघडी ठेवायची, ही त्यांची शिस्त बदलली नाही. सत्काराच्या शालीसाठी मंत्र्यांच्या दारात ताटकळणारे कलावंत मी खूप पाहिले आहेत. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

महोत्सवानंतरच्या उन्हाळ्यात ते आंबेगावला आले. घोड नदीवरच्या धरणाचं पाणी ओसरलं की आमचं बुडालेलं गाव वर येतं. देवळाचे दगड, काही जोती, बाकी भेगाळलेला गाळ. गाव बुडालं तेव्हा सरकारी कागदावर आम्ही 'बाधित' झालो. भाताच्या माणसांना बाजरीच्या मुलखात नेऊन टाकलं, आणि वर विचारलं, आता तुम्हाला काय कमी आहे? काय कमी आहे, हे यून साहेबांना सांगावं लागलं नाही.

त्यांच्या इंग्रजीचं मराठी करायला मी होतो. त्यांची कामाची रीतच निराळी. पहिले काही दिवस कॅमेरा पेटीतच होता. त्यांनी खेळाची मैदानं आखायची पांढरी फक्की मागवली आणि म्हणाले, "तुमचं गाव इथे आखा. जसं आठवतं तसं." लोणीच्या बाजूला वसवलेल्या चिमाबाई आणि आता नारायणगावात दुकान असलेले शांतिलालशेठ हे जुन्या गावातले शेजारी. दोघं मुठीमुठीने फक्की सोडू लागले.

"शेठ, दुकान येवढं मोठं कवा व्हतं? दोन गिऱ्हाइकं आली की तिसरं उनात उभं ऱ्हायचं."

"आणि तुमचं अंगण बघा की, चिमाबाई! बैलगाड्यांची शर्यत भरवता येईल राव."

यून साहेब गालात हसत होते. कुणालाच दुरुस्त करत नव्हते.

इथे माझा शहाणपणा आडवा आला. धरणग्रस्तांच्या लढ्यात मी आयुष्यभर कागदाने लढलो. दुपारी सगळे भाकरी खायला झाडाखाली बसले, तेवढ्यात मी पिशवीतून भूसंपादनाचा नकाशा आणि मोजणीची टेप काढली, त्यांच्या रेघा पायाने पुसल्या आणि गल्ली, दुकान, घरं मापाप्रमाणे आखली. चिमाबाई परत आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या.

"मास्तर, माजं घर कुठं गेलं?"

मी नकाशावर बोट ठेवलं. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. "ह्ये सरकारचं घर हाय. माजं न्हाई."

ज्या कागदाने आमचं गाव मोजून घेतलं, त्याच कागदाने मी ते दुसऱ्यांदा घेतलं होतं. शांतिलालशेठ म्हणाले, "मास्तर, तुमी सभाच घ्या. गाव आमच्यावर सोडा."

यून साहेब रागावले नाहीत. माझ्या हातातली टेप घेऊन त्यांनी आपल्या खिशात ठेवली आणि चिमाबाईंना म्हणाले, "रेघा विसरा. घरी जा." तेव्हा पहिल्यांदा कॅमेरा सुरू झाला. चिमाबाई गाळावरून चालत गेल्या, एका जागी थांबल्या, पदर डोक्यावर घेतला आणि वाकल्या. तिथे चौकट नव्हती, भिंत नव्हती.

"दार बुटकं व्हतं आमचं," पलीकडे जाऊन ताठ होत त्या म्हणाल्या. "नव्या माणसाचं डोकं आपटायचंच."

ते वाकणं पुढे जगाने पाहिलं आणि गौरवलं. माझी चूक मात्र यून साहेबांनी कुठल्याही मुलाखतीत सांगितली नाही. 'मला तिथे नेणारा मित्र' एवढाच ते माझा उल्लेख करतात. म्हणून ती मीच इथे लिहून ठेवतो.

निघायच्या दिवशी त्यांनी चिमाबाईंकडे थोडी जागा मागितली. यून साहेबांच्या गावावरचं पाणी कुठल्याच उन्हाळ्यात ओसरत नाही.

"घ्या की पावणं! जागेला काय तोटा?"

यून साहेबांनी एकट्यांनी फक्की धरली. एक खोली, चूल, आईच्या मसाल्याच्या बरण्यांचा ओटा. दाराची जागा मोकळी सोडली आणि तिच्यासमोर उभे राहिले. कॅमेरा तयार होता. आम्ही वाट पाहत होतो. ते आत गेले नाहीत. "अजून नाही," एवढंच म्हणाले.

"असू द्या," चिमाबाई म्हणाल्या. "शेजार तर झाला. आता कवाबी या."

पाणी चढलं तेव्हा दोन्ही घरं एकदमच बुडाली. त्यानंतर यून साहेबांनी आणखी चित्रपट केले, स्वतःच्या गावाचा तेवढा राहिला. पत्रात लिहितात, गुडघे साथ देत नाहीत, प्रवास झेपत नाही. इकडे गाळ उघडा पडला की मी जाऊन उभा राहतो. हात सवयीने टेप शोधतो, ती कोरियात आहे. चिमाबाई भेटल्या की विचारतात, "पावणं कवा यायचं? त्यांचं घर तसंच पडलंय."

यून साहेब, वडीलधाऱ्यांसाठी लोक शंभर पावसाळे मागतात. मी आपल्यासाठी उन्हाळे मागतो, कारण आपलं गाव उन्हाळ्यातच वर येतं. आपल्या गुडघ्यांत बळ राहो, नजर अशीच स्वच्छ राहो. कॅमेरा हवा तर आणा, नको तर राहू द्या. शांतिलालशेठनी फक्कीची गोणी बाजूला काढून ठेवली आहे. जागा आम्हाला पाठ आहे, चिमाबाईंच्या घराच्या उजव्या हाताला. त्यांचा निरोप तेवढा पोचवतो: "या वेळी भायेर थांबायचं न्हाई. दार बुटकं असंल, तर वाका."