इस्क्राचा घास

रोज सकाळी कामाला लागण्याआधी झ्लातका छोट्या कात्रीने दुधाच्या बाटल्यांच्या रबरी बोंडांची भोकं मोठी करायची. दुधात कुस्करलेला पाव मग पटकन उतरायचा. डॅन्यूबकाठच्या त्या सरकारी बालगृहात एका बाईच्या वाट्याला खोलीभर अपंग मुलं असत. मुलं उताणी पडूनच प्यायची. त्यांना चावता येत नाही, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते तिने कधी तपासून पाहिलं नाही.

पुढे बल्गेरिया युरोपीय संघात गेला. तिकडून पैसा आला, पण अशी मोठी बालगृहं बंद करून मुलांना छोट्या घरांत ठेवण्यासाठी. तिचा नवरा मिलको म्हणाला, "ब्रुसेल्सच्या साहेबांना एवढा पुळका आलाय, मग लंगोट बदलायला का येत नाहीत?" झ्लातका हसली होती. पाहणीला आलेल्या बाईंना तर तिने ठासून सांगितलं होतं, की माझ्या खोलीतल्या इस्क्राला इथून हलवलंत तर ती पोर जगणार नाही.

पोर जगली. शहरातल्या नव्या घरात देनित्सा नावाच्या तरुण सेविकेने तिला खुर्चीत बसवलं, हातात पावाची कड दिली. बारा वर्षांची इस्क्रा वेडंवाकडं का होईना, चावू लागली.

झ्लातकाची बदलीही तिथेच झाली. पहिल्या दुपारी ती दारात दिसताच इस्क्राच्या हातातला पाव गळाला. तिने मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि वाट पाहत राहिली.

"लाडात आलीय, मावशी, तुम्हाला बघून," देनित्सा म्हणाली.

झ्लातकाने त्याच दिवशी कपडे धुण्याचं काम मागून घेतलं. घरी तिला घास उतरेना. सगळ्याच बायका तसं भरवायच्या, तू एकटीनेच थोडं केलंस, अशी मिलकोने समजूत घातली.

"तिने एकदा माझं बोट चावलं होतं, मिलको," ती म्हणाली. "तेव्हाच कळायला हवं होतं. आणि मी काय केलं, तर तिच्यावर ओरडले."

ईस्टरला देनित्साने झ्लातकाला हात धरून टेबलाशी बसवलं. जुन्या बालगृहात बायका मुलांसोबत कधी जेवल्याच नव्हत्या. सणाच्या रिवाजाप्रमाणे लाल रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर आपटून झाली, झ्लातकाचंच अंडं फुटलं. समोर इस्क्राची मान पुन्हा मागे जाऊ लागली. झ्लातकाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग स्वतःचं अंडं सोललं, दातांनी तोडलं आणि इस्क्राला दिसेल असं सावकाश चावत राहिली.

बऱ्याच वेळाने ती मान सरळ झाली. इस्क्राने सोललेलं अंडं तोंडात कोंबलं. अर्धं मांडीवर सांडलं, पिवळ्या बलकाचा चुरा हनुवटीला चिकटला. झ्लातकाचा हात सवयीने रुमालाकडे गेला, आणि त्यासरशी ती मान किंचित मागे कलली.

हात तिथेच थांबला.

"देनी, तिचं तोंड तूच पूस," झ्लातका उठत म्हणाली. "मी भांडी घासते."