टकटक केल्यावर उठलेली कळ

मेथी कापताना विळा निसटला आणि माझ्या डाव्या मनगटात घुसला. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी तुटलेली नस शिवली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच राहिली. अनसिंगजवळच्या आमच्या मळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला बसले की जुडी हातातून कधी सुटली, तेही कळायचं नाही. असा संताप यायचा! ही बोटं परत माझी होणार की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

बाईंनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. नस शिवली तरी पुढं तिलाच वाढावं लागतं, गोळ्यांचा फक्त हातभार, असं त्या म्हणाल्या होत्या. मग एका दुपारी हातात मुंग्या सुरू झाल्या, आणि मुंग्यांमागून विजेसारखे झटके.

"गोळ्या गरम पडून राह्यल्या तुले," सासूबाई म्हणाल्या. "बंद कर त्या."

आमच्याकडे औषध चालू असताना अंगात काही चुरचुरलं की ते गरम पडलं, आणि त्यावर उतारा ताक. मला तर निमित्तच हवं होतं. गोळ्या ठेवून दिल्या, ताक रिचवलं. झटके थांबले नाहीत. तेव्हा तणतणत वाशीम गाठलं, भांडायलाच.

"म्याडम, तुमच्या गोळ्यायनं हात चावून राह्यला माहा!"

बाईंनी व्रणाच्या पुढं, तळहातावर, बोटानं टकटक केलं. सण्णकन कळ उठली ती थेट मधल्या बोटात! मी हात ओढून घेतला.

"मागच्या खेपेला ही कळ मनगटावरच ठोकल्यावर येत होती," त्या हसून म्हणाल्या. "आता तळहातापर्यंत आली. ताई, ही गोळ्यांची गरमी नाही. नस वाढतेय तुमची. आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत!"

मी खुर्चीत उडालेच. हे दुखणं चांगलं होतं! एसटीत सारा रस्ता तळहातावर टकटक करत होते आणि दर कळेला हसत होते. शेजारची बाई जरा सरकूनच बसली. घरी येताच सासूबाईंपुढं हात धरला. "ठोका आई, ठोका इथं!"

"बापा! दुखलं म्हून नाचून राह्यली," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच पाणी आणि गोळी घेऊन आल्या.

पुढं वांग्याचा तोडा आला. गप्पांच्या नादात डाव्या हातानं एक देठ धरला आणि अंगठ्यात काटा खचकन रुतला. मी अशी किंचाळले की सासूबाई साप निघाला समजून काठी घेऊन धावत आल्या.

"काय झालं वं?"

"काटा टोचला, आई! अंगठ्याले टोचला!"

त्यांनी काठी टाकली, माझा अंगठा दोन्ही हातांत धरला आणि सरीतच बसून रडायला लागल्या.